कोऱ्या नमुन्यामागे वऱ्हाडात

वऱ्हाडात लोक जातात ते कुणाच्या लग्नाला, नाहीतर मेळघाटात वाघ बघायला. मी गेले ती एका बाईची लबाडी पकडायला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझी जी फजिती झाली ती वाचताना तुम्हाला उगाच माझी दया यायला नको.

ती बाई म्हणजे सुजाता वानखडे. अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवते आणि नोकरी, घर, पेपरतपासणी असं सगळं ओढत गेली सहा वर्षं पीएचडी करते आहे. मी तिची सहमार्गदर्शक, तीही कागदावरची. पुण्यात बसून फोनवर सल्ले द्यायचे आणि शेवटी सही करायची, एवढंच माझं काम. सहा वर्षांपूर्वी पुण्यात मी एक कार्यशाळा घेतली होती. तिथं ती हे काम शिकली, आणि मी वाटलेली कृती घेऊन अकोल्याला परत गेली.

काम असं. डीएनए म्हणजे दोन पेडांची वेणी समजा. वेणी घट्ट असली की तिच्यावर टाकलेला अतिनील प्रकाश ती कमी खाते, आणि सुटली की जास्त खाते. स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र हा खाल्लेला प्रकाश मोजतं आणि कागदावर एक टेकडी काढून देतं. डीएनएवर गॅमा किरणांचा मारा केला की वेणी तुटते, सुटते, आणि टेकडी उंच होते. किती मारा केला तर किती उंची, हे सुजाता मोजत होती. आणि या सगळ्याशी तुलना करायला एक कोरा नमुना ठेवायचा, ज्याला किरण दाखवलेलेच नाहीत. त्याची टेकडी बुटकी हवी. ती बुटकी नसेल तर बाकीचे आकडे केरात टाकायचे.

सुजाताच्या प्रबंधात कोरा नमुना सहाही वर्षं बुटका होता. सही करण्याआधी मी सहज आमच्या नव्या असिस्टंटला म्हटलं, "तिच्या बाटलीतली डीएनएची थोडी पावडर आलीय, एकदा करून बघ. कृतीतलं अक्षर न् अक्षर पाळ, स्वतःची अक्कल चालवू नकोस." त्यानं केलं. कोरा नमुना उंच! ज्याला गॅमाचा वाराही लागला नव्हता तो डीएनए मार खाल्ल्यासारखा सुटून बसलेला. पुन्हा केलं, पुन्हा उंच. तिसऱ्यांदा केलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पावडर तीच, कृती तीच. मग अकोल्यात टेकडी बुटकी कशी? इतका शहाणा नमुना जगात नसतो. कुणीतरी आकडे बसवले असणार.

महिनाअखेर तिची मुदत संपत होती, आणि एकदा वाढवूनही झाली होती. माझी सही नाही तर प्रबंध जमा नाही. आणि खोटेपणाचा शिक्का बसला तर डिग्री तर जाईलच, वर त्या कॉलेजात तिला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. फोनवर हे बोलण्याची माझी छाती झाली नाही. मी बर्फाच्या डब्यात पुण्याचा उंच नमुना भरला आणि गाडीत बसले.

अकोला

शेगावला कचोरी खाल्ली. तोंड भाजलं, पण तक्रार नाही.

अकोल्याला उतरले तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि ऊन असं की डोळे उघडवेनात. स्टेशनबाहेर सगळ्या बायका दुपट्ट्यानं डोकं-तोंड बांधून, नुसते डोळे उघडे. मी एकीला "अगं सुजाता!" म्हणून मिठीच मारली. ती म्हणाली, "मी नाई जी, कोनाले पाहून राहिल्या तुमी?" खरी सुजाता मागं उभी राहून हसत होती. तिच्याबरोबर पन्नाशी ओलांडलेला एक उंच, सडपातळ माणूस होता. हे गुलाबराव, तिच्या प्रयोगशाळेतले परिचर. वर्षभरात निवृत्त होणार होते. त्यांनी "जय भीम, मॅडम" म्हणत माझ्या हातातला बर्फाचा डबा काढून घेतला आणि त्याला तीन दिवस दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

रिक्षात बसल्या बसल्या सुजातानं विचारलं, "मॅडम, खरं सांगा. तुमी माझ्यावर डाऊट घेऊन आल्या ना?"

मी गारच पडले. पुण्यात हा प्रश्न विचारायला माणसं चार दिवस घेतात, आणि तोही तिसऱ्याच्या तोंडून विचारतात. मी म्हटलं, "छे गं, डाऊट कसला! जरा बघावं म्हटलं."

"मंग पाहा," ती म्हणाली. "सगळं पाहा. मले काही लपवाचं नाई." आणि तिनं रिक्षा पोह्यांच्या गाडीपाशी थांबवायला सांगितली. पोह्यांवर लाल तर्री ओतलेली. आपल्याकडं पोह्यांवर ओलं खोबरं घालतात, इथं जाळ घालतात. डोळ्यांतून पाणी आलं, त्याचा फायदा घेऊन मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर. खिडकीत कूलर धडधडत होता. यंत्र जुनं, पण त्याला शिवलेलं सुती झाकण इस्त्री केलेलं होतं. मी पोलिसासारखी स्टूल ओढून बसले. सुजातानं पावडर तोलली. गुलाबरावांनी 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलेली पांढरी कॅन तिरपी करून पाणी मोजून दिलं. ती काहीच लपवत नव्हती. मग मीही त्याच पाण्यात माझ्या हातानं एक नमुना केला. डीएनए विरघळायला रात्र लागते. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, फ्रीजला कुलूप लावलं आणि किल्ली मी माझ्या पर्समध्ये टाकली. आता लिहिताना लाज वाटते, पण टाकली खरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं. यंत्राला आधी नुसतं पाणी दाखवायचं असतं. यंत्र त्याला शून्य धरतं आणि पुढं फक्त डीएनएचं मोजतं. तसं केलं. सुजाताचा कोरा नमुना बुटका. माझ्या हातचा कोरा नमुना? तोही बुटका! मग मी बर्फाच्या डब्यातला पुण्याचा नमुना त्याच यंत्रात घातला. टेकडी सरळ वर.

आता काय म्हणायचं? यंत्र खोटं नाही, कारण त्यानं दोन्ही नमुने वेगवेगळे दाखवले. सुजाता खोटी नाही, कारण माझ्याही हातानं तेच झालं. पुण्याचा असिस्टंट खोटा नाही, त्याला खोटं बोलायची अक्कलच नाही. मी तासभर त्या दोन कागदांकडं बघत बसले. माझं डोकं चालेना. बत्तीस वर्षं मी टेकड्या वाचते आहे, पण चोर सापडू नये आणि चोरी मात्र झालेली असावी, असं कधी झालं नव्हतं.

"मॅडम, आता?" सुजातानं विचारलं.

"मला काही कळत नाहीये," मी म्हटलं. तिच्याशी खरं बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

भातकुली

ठरल्याप्रमाणं आम्ही अमरावतीला निघालो. गॅमाचं यंत्र तिथं, आणि जास्त चांगलं स्पेक्ट्रोमीटरही तिथंच. वाटेत आत वळून भातकुलीला सुजाताच्या आईकडं जेवायचं होतं. गुलाबराव पुढच्या सीटवर, बर्फाचा डबा मांडीवर आणि डिस्टिल्डची कॅन दोन्ही पायांत धरून. बाहेर काळी जमीन, नांगरून उघडी टाकलेली. घरांच्या कडेला सरपणासाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग. एवढ्या उन्हात झाडाखाली बसलेले म्हातारे आमच्या गाडीकडं मान वळवून शेवटपर्यंत बघत राहायचे. मीही त्यांच्याकडं तशीच बघत होते, मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

घरात भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत, खाली सुजाताच्या पदव्यांचे फोटो फ्रेम करून लावलेले. शेवटच्या फ्रेमशेजारी एक खिळा रिकामा होता. तो कशासाठी आहे ते मी विचारलं नाही. हात धुवायला गेले तर साबणाला फेसच येईना. चूळ भरली आणि पटकन थुंकले. पाणी खारट होतं.

"बोअरचं हाय ते बाई, पेऊ नका," सुजाताची आई आतून ओरडली. "हा सारा खारपट्टा. पेवाले नळाचं गोड पाणी." मग ती बाहेर आली, पदरानं तोंड पुसत. "माफ करजा बाई, जेवाले उशीर होते. नळ नाई आला आज. गोड पाणी पेण्यापुरतंच हाय. बोअरच्या पाण्यात डाळ टाकली, तं सकाळपासून फुटूनच नाई राहिली. दाण्याले दाणा येगळा!"

मला वाटलं, चला, पाहुणीनं काहीतरी कामाला यावं. मी म्हटलं, "अहो, मग गाडीत डिस्टिल्ड वॉटरची अख्खी कॅन आहे! जगात त्याच्याइतकं शुद्ध पाणी नाही. त्यात शिजवा की डाळ."

गुलाबराव दारात पाणी पीत उभे होते. त्यांचा पेला तोंडाशीच थांबला. "नोको मॅडम," ते म्हणाले. "त्या पान्यात नाई शिजनार."

"का नाही शिजणार?"

सुजाताची आई सरळ गाडीपाशी गेली, कॅनचं झाकण उघडून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. प्रयोगशाळेतली कुठलीही गोष्ट चाखायची नाही, हे मी बत्तीस वर्षं मुलांना शिकवत आले. "काय बाई थट्टा करता," ती म्हणाली. "हे तं आमच्याच बोअरवानी पाणी हाय."

सुजाता उठून उभी राहिली. "गुलाबराव?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "मॅडम, ते डिस्टिल्डचं यंत्र तुमी पाह्यलं ना? एक बाटली पानी काढाले, वाफ थंड करता करता, बादल्यान् बादल्या गोड पानी नालीत जाते. तुमी काम चालू केलं त्या साली नळ बारा दिवसांनी येत होता. लोकं भांडी घेऊन रांगेत, अन् मी वर बसून गोड पानी नालीत सोडू? माह्या मायनं कोसावरून डोक्यावर पानी आनलं जी. मले नाई पाह्यवलं. मी बोअरचं पानी उकळलं, चार पदरी फडक्यातून गाळलं, न् कॅन भरली. काही फरक पडला नाई. मंग तसंच चालू राह्यलं."

"सहा वर्षं?" सुजाताचा आवाज चिरकला.

"हाव."

"सहा वर्षं मी प्रबंधात 'डिस्टिल्ड' लिहून राहिली, गुलाबराव! मी खोटी झाली ना! काहून नाई सांगितलं मले?"

"तुमी विचारलंच नाई," ते हळूच म्हणाले. "अन् तुमची टेकडी तं बरोबर येत होती."

मी मधे पडायला हवं होतं. पण माझ्या मनात ती न फुटणारी डाळ घोळत होती. खाऱ्या पाण्यात डाळ फुटत नाही. खाऱ्या पाण्यात वेणी सुटत नाही. अगं बाई! डीएनएच्या दोन्ही पेडांवर सारखाच विद्युतभार असतो, ते एकमेकांना सतत ढकलत असतात. पाण्यात मीठ असलं की ते मधे पडून भांडण मिटवतं. नितळ शुद्ध पाण्यात मधे पडायला कुणी नाही, मग वेणी आपोआप सुटते, किरणांची गरजच नाही. डाळीचं कारण वेगळं असेल, पण मला शहाणपण त्या डाळीनंच आलं. हे सगळं पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मला माहीत होतं. मग पुण्यात माझ्या डोक्यात का आलं नाही?

सुजाता रडत होती. आईनं ताटं मांडली. बेसनाच्या पातोड्यांची रस्साभाजी, भाकरी, ठेचा, आणि डाळीऐवजी कढी. "आधी जेवा सारे," ती म्हणाली. "गुलाबराव, तुमी बी बसा. भांडण उपाशीपोटी नसते कराचं."

गुलाबराव बसले, पण भाकरी त्यांच्या हातातच राहिली. सुजातानं त्यांच्याकडं न बघता त्यांच्या ताटात भाजी वाढली. मी मात्र पोटभर जेवले. गोंधळले की मला भूक लागते.

अमरावती

अमरावतीच्या प्रयोगशाळेत पोचल्यावर आधी कॅनमधल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मीठच मीठ. तिथलं खरं डिस्टिल्ड घेतलं, ते नितळ राहिलं. मग दोन बाटल्या केल्या. एकीत नुसतं शुद्ध पाणी, दुसरीत त्याच पाण्यात मोजून टाकलेलं मीठ. दोन्हींत डीएनए, दोन्ही कोऱ्या. फ्रीजची किल्ली मी या वेळी सुजाताकडं दिली.

संध्याकाळी तिनं मला गिला वडा खाऊ घातला. दह्यात बुडालेला, वर चिंचेचं पाणी. छान होता, पण तिनं स्वतः एक घासही घेतला नाही. "मॅडम, उद्या काहीही निघालं तरी मी तं गेलीच ना," ती म्हणाली. "पाणी खारं निघालं, म्हणजे मी लिहिलेलं खोटं. माझ्या मनात खोटं नव्हतं, हे कोणाले सांगू मी? गुलाबरावाले पुढं करू? त्या माणसाचं एक वर्ष राह्यलं." मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, यावरूनच त्याची किंमत समजा.

सकाळी यंत्र लावलं. मिठाची बाटली बुटकी. शुद्ध पाण्याची बाटली उंच, थेट माझ्या पुण्याच्या नमुन्याएवढी. गुलाबराव पाठीमागून वाकून बघत होते. "म्हंजे मीठ पायजेच होतं?" त्यांनी विचारलं.

"हवंच होतं," मी म्हटलं. "मिठाशिवाय हा प्रयोग करायचाच नसतो. हे कुणालाही—"

माझं वाक्य पुरं झालं नाही. सुजातानं पर्समधून एक कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेला, कडा पिवळ्या. माझ्या कार्यशाळेत मी वाटलेली कृती, माझ्या हस्ताक्षराची झेरॉक्स. खाली माझी सही.

"मॅडम," ती म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "यात मीठ कुठी लिहिलं हाय?"

मी वाचलं. 'डीएनए डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा.' पुन्हा वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली. नव्हतंच. आमच्याकडं वर्षानुवर्षं एक जुने असिस्टंट होते. ते मिठाचं तयार पाणी भरून ठेवायचे, आणि मी त्यालाच 'पाणी' म्हणायचे. लिहितानाही तसंच लिहिलं. ते निवृत्त झाले आणि नव्या मुलानं माझं अक्षर न् अक्षर पाळलं. म्हणून माझ्या प्रयोगशाळेत माझीच कृती फसली, आणि अकोल्यात सुजाताची तरली, कारण मी विसरलेलं मीठ गुलाबरावांच्या कॅनमधून येत होतं.

मी स्टुलावर बसून राहिले. राग कुणाचा करायचा तेही कळेना. शेवटी मी म्हटलं, "सुजाता, चूक माझी आहे." तिनं फक्त तो कागद माझ्या हातातून परत घेतला आणि पर्समध्ये ठेवला. तो तिनं मला दिला नाही, आणि मागायची माझी हिंमतही झाली नाही.

मुदतवाढीचं पत्र तिथंच बसून लिहायचं होतं. कारण द्यायचं होतं. माझं पहिलं वाक्य काय होतं ते सांगते, लपवत नाही: 'स्थानिक परिचराच्या हलगर्जीपणामुळे पाण्याचा दर्जा...' इतकं लिहून मी वर पाहिलं. गुलाबराव बाटल्या धूत होते. प्रत्येक बाटली डिस्टिल्डनं खळबळून घ्यायची असते. ते धुवणाचं पाणी नालीत न टाकता एका बादलीत साठवत होते. मी तो कागद फाडला.

दुसरा लिहिला: 'मूळ कृतीत मीठ लिहायचे राहिले. ती कृती माझी आहे. उमेदवाराची निरीक्षणे खरी आहेत. पाण्याची तपासणी करून काही मोजण्या पुन्हा कराव्या लागतील.' सही केली. सुजातानं दोनदा वाचलं. मग म्हणाली, "चाला मॅडम, तुमाले गाडी हाय."

बडनेऱ्याच्या स्टेशनवर गुलाबरावांनी खिडकीतून एक बाटली आत दिली. "गोड हाय जी," ते म्हणाले. "नळाचं." गाडी सुटेपर्यंत ते उन्हात उभे होते.

पुणे

मुदतवाढ मिळाली. सुजाता पुन्हा मोजते आहे, या वेळी मोजून टाकलेल्या मिठात. भातकुलीचा तो खिळा अजून रिकामा आहे, पण फार दिवस राहणार नाही असं मला वाटतं.

मी मात्र अजून गोंधळलेलीच आहे. परत आल्यावर कार्यशाळेची जुनी यादी काढली. चाळीस नावं. सुजाता सोडून एकोणचाळीस जणांना मी ती कृती दिली होती. सगळ्यांच्या गावचं पाणी काही खारं नसणार. मी एकेकाला पत्र पाठवत सुटले: मीठ राहिलं, माफ करा. बरेचसे पत्ते बदललेले. काहींना ती कार्यशाळाच आठवत नव्हती.

काल साताऱ्याकडच्या एका बाईंचं उत्तर आलं. 'मॅडम, पत्र वाचून बरं वाटलं. मी ते काम दुसऱ्याच वर्षी सोडलं. कोरा नमुना कधी जमलाच नाही. मला वाटलं, माझ्याच हाताला गुण नाही. आता मी शिवणकामाचे वर्ग घेते.'